झुंजारची शेवटची सहा मिनिटं

आता तुमच्यापासून काय लपवायचं? चहा येईपर्यंत सांगूनच टाकतो. फक्त एक कबूल करा, आमच्या हिच्यासमोर हा विषय काढायचा नाही. ती सांगायला लागली की मी त्यात आणखी बावळट दिसतो. जेवढा होतो तेवढा पुरेसा आहे.

चुका सगळ्यांच्याच हातून होतात हो. माझी पायाकडून झाली! आणि तीसुद्धा भरल्या मैदानात, तीन-चारशे माणसांदेखत.

गोष्ट लातूरची. किल्लारीचा भूकंप होऊन तीनेक वर्षं झाली होती. मी पाटबंधारे खात्यात कारकून. मूळचा हदगावचा, म्हणजे नांदेड जिल्ह्यातला. आडनावच हदगावकर! पण नोकरीसाठी लातूरला आलो आणि लातूरचाच होऊन बसलो. आल्या आल्या पहिल्याच महिन्यात मला एक व्यसन लागलं. तंबाखू नाही, पत्ते नाहीत. फुटबॉल.

तुम्ही म्हणाल, लातुरात कसला आलाय फुटबॉल? होता ना! आमच्या कॉलनीमागच्या मैदानावर झुंजार फुटबॉल क्लब होता. झुंज काय ती नावातच. बारा वर्षांत त्यांनी एकही सामना जिंकला नव्हता. एकही! एकदा समोरची टीम वेळेवर आली नाही म्हणून आम्ही फुकटात जिंकणार होतो, तर आमचीच पोरं त्यांना शोधायला बसस्टँडवर गेली आणि सगळ्यांना घेऊन आली. मग रीतसर हरलो.

आणि या बारा वर्षांत मी एकही सामना चुकवला नाही. थोरलीच्या बारशाला पाऊण तास उशिरा पोचलो. का? तर आम्ही पाच गोलांनी मागे होतो, आणि मला वाटत होतं, अजून काही सांगता येत नाही.

दर वर्षी ऑफिसात हमखास प्रश्न यायचा, "काय हदगावकर, यंदा?"

"यंदा नक्की!" मी छाती ठोकून सांगायचो. "बाँडवर लिहून देतो."

लोक हसायचे. हसोत बापडे. टीमवर माझा विश्वास होता, आणि टीमचाही बहुतेक माझ्यावर होता, कारण मैदानात त्यांच्या बाजूनं ओरडणारा मी एकटाच होतो.

सामना रंगला की माझा उजवा पाय हलतो. मी हलवत नाही बरं का, तो हलतो. शिवणाचं मशीन चालवावं तसा. आमची सुनंदा लग्न झाल्यापासून मागे लागलेली, "अहो, पाय! बसल्या जागी पाय हलवू नये, घरातली लक्ष्मी जाते."

"आधी येऊ तर दे," मी म्हणायचो.

तर त्या वर्षी क्लबच्या जुन्या अध्यक्षांनी हात टेकले. त्यांचं किराणा दुकान होतं. गिऱ्हाईक साखर मागायला यायचं आणि टीमचा स्कोअर विचारून हसत जायचं. माणसानं सोसायचं तरी किती? त्यांनी क्लब उचलून बिराजदार सरांच्या हवाली केला, कारण मैदानाची जागा मुळात सरांच्या घराण्याची.

बिराजदार सर म्हणजे फिजिक्सचे क्लासेसवाले. ते दिवस कसे होते तुम्हाला ठाऊकच आहे! लातुरात गल्लीगल्लीत क्लासेस निघाले होते. धर्माबाद, देगलूर, आमचं हदगाव, कुठून कुठून पोरं पत्र्याच्या पेट्या घेऊन उतरायची. लोकांनी घरातल्या बैठका रिकाम्या करून पोरांना भाड्यानं दिल्या आणि पाहुण्यांना ओट्यावर बसवलं. चौकाचौकात गुणवंतांच्या फोटोंचे फलक. सरांच्या बॅचा पहाटे पाचला सुरू व्हायच्या, आणि क्लासबाहेर सायकलींची रांग पार वळणापर्यंत जायची.

पहिल्या मीटिंगला सर खडू घेऊनच आले.

"मी आयुष्यात फुटबॉल बघितलेला नाही," ते म्हणाले. "पण रिझल्ट कसा लावायचा, ते मला कळतं."

मी टाळ्या वाजवल्या. एकट्यानंच.

"चार सामने आहेत. एक जिंकून दाखवा. एकही जिंकला नाही तर क्लब बंद. मग इथं पोरांच्या सायकलींचं स्टँड करणार. निम्म्या सायकली रस्त्यावर लागून राहिल्यात, ट्रॅफिकवाला रोज भांडतो."

"सर, एक काय घेऊन बसलात! चारही जिंकू," मी म्हणालो.

"तुम्ही कुठल्या जागेवर खेळता?"

"मी खेळत नाही. मी बघतो."

"मग बघत राहा," सर म्हणाले आणि फळ्याकडे वळले.

पण माणूस कामाचा निघाला! पहाटे पाचला हजेरी. दर रविवारी ऑफसाइडवर लेखी परीक्षा. मार्कांची यादी गोलच्या खांबाला चिकटवलेली. टीमच्या त्यांनी दोन बॅचा केल्या. जे आजवर हरत आलेत त्यांची रिपीटर बॅच. सगळी टीम त्याच बॅचमध्ये गेली, दुसरीत कोणी उरलंच नाही.

आणि मग सरांनी पालक सभा लावली. शेवटच्या सामन्याला प्रत्येकानं आपापले पालक आणायचे!

आमचा गोलकीपर रफीक उभा राहिला. "सर, मलाच दोन लेकरं हायेत."

"म्हणजे तुम्ही त्यांचे पालक. तुमचे कुठायत?"

रफीक खाली बसला.

या सगळ्यात माझी सगळी भिस्त होती ती बालाजीवर. बालाजी आमचा फॉरवर्ड. औसा रोडला त्याचं पंक्चरचं दुकान होतं. किल्लारीकडच्या एका खेड्यातला पोरगा. भूकंपात घर गेलं, बाप गेला, आणि हा आईला घेऊन लातूरला आला. ट्रकची चाकं खोलून खोलून पाय दणकट झालेले, पण चेंडू कुठं जाईल ते त्याचं त्यालाही ठाऊक नसायचं. तीन वर्षांत एकही गोल नाही. दर सामन्यानंतर माझ्याजवळ यायचा आणि खाली मान घालून म्हणायचा, "काका, थोडक्यात हुकला बघा." आणि मी म्हणायचो, "पुढच्या वेळी नक्की." मला ते पोरगं लई आवडायचं. त्यानं एक गोल मारावा, एवढी एकच माझी इच्छा राहिली होती.

सीझन सुरू झाला. पहिला सामना चार-शून्यनं हरलो. दुसरा दोन-शून्य. तिसरा एक-शून्य.

ऑफिसात हे हसू! मी म्हटलं, "अरे, गणित बघा ना! चार, दोन, एक. गोल कमी होत चाललेत. पुढचा आकडा काय?"

"अर्धा," साहेब म्हणाले.

पण मला विचाराल तर मी अगदी निर्धास्त होतो. शेवटचा सामना नांदेडच्या टीमशी होता. जिंकलो तर क्लब वाचणार, नाही जिंकलो तर सायकल स्टँड.

आता त्या काळातल्या लातूरची एक रीत सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. भूकंपानंतर घराघरांत लोक एक करायचे. स्टीलचे तीन-चार ग्लास उपडे घालून एकावर एक रचायचे, खाली ताटली ठेवायची. जमीन हलली की ग्लास कोसळणार, खणखणाट होणार, की सगळ्यांनी हातातलं टाकून मोकळ्या जागेत पळायचं. हसू नका हो! ज्यांनी ती पहाट बघितली त्यांच्या अंगात तो धाक मुरलेला होता. आमच्याही ओळखीतली माणसं गेली होती. पुढं कधी मांजरानं ग्लास पाडले तरी आख्खी गल्ली रस्त्यावर यायची, कुणाच्या निम्म्या गालावर साबण, कुणाच्या हातात लाटणं. पण कुणी कुणाला हसायचं नाही. दहा मिनिटं उभं राहायचं, मांजराला शिव्या द्यायच्या आणि घरात जायचं.

तर रविवार उजाडला. सरांनी रिकाम्या पिपांवर फळ्या टाकून गॅलरी केली होती. पुढच्या रांगेत पालक. बालाजीची आई नवं लुगडं नेसून आली होती. लेकाचा खेळ ती पहिल्यांदाच बघणार होती. मैदानाला लागून पोरांची होस्टेलं, तिथली पोरं क्लासच्या नोट्स हातात घेऊन भिंतीवर बसलेली. आमची सुनंदासुद्धा आली. "एकदाचा बंद होतोय का, ते डोळ्यांनी बघते," म्हणाली.

मी जागा पकडली ती गॅलरीच्या टोकाला, टेबलाशेजारी. टेबल त्याच फळ्यांवर मांडलेलं. त्यावर फुलांचे हार, हजेरीचं रजिस्टर, आणि चहावाल्या गफूरभाईंनी पालकांना पाणी द्यायला म्हणून ट्रेमध्ये उपडे रचून ठेवलेले स्टीलचे ग्लास. चांगले पाच-सहा, एकावर एक!

सामना सुरू झाला. काय सांगू! आमची पोरं खेळली हो! रफीकनं चार गोल अडवले, त्यातला एक तोंडानं. हाफटाइमला शून्य-शून्य. सर रजिस्टरमध्ये काहीतरी लिहून घेत होते. मी त्यांना म्हटलं, "बघा, मी म्हणालो होतो की नाही? चार, दोन, एक, शून्य!"

"शून्यानं पास होत नाहीत, हदगावकर. जिंकायचं आहे."

सहा मिनिटं राहिली. अजून शून्य-शून्य. आणि एकदम नांदेडच्या एका पोराचा पाय घसरला, चेंडू सुटला, आणि समोर कोण? बालाजी! पुढं फक्त त्यांचा गोलकीपर. बारा वर्षं मी ज्याची वाट बघत होतो ते माझ्या डोळ्यांसमोर चाललं होतं. बालाजी पळतोय, माझ्या हाताच्या मुठी वळल्यात. शेजारून सुनंदा म्हणतेय, "अहो, पा..."

खण्ण! खण खण खण खण!

ग्लास कोसळले. आणि खाली बघतो तर काय, फळ्या थरथरतायत! खरोखर थरथरतायत! मी ताडकन उभा राहिलो आणि आयुष्यात ओरडलो नव्हतो इतक्या जोरात ओरडलो, "हाललंऽऽ! हाललं! पळा, मोकळ्यात पळाऽऽ!"

आता मला सांगा, लातूरची माणसं पळणार कुठं? मोकळ्या जागेत. आणि तिथं मोकळी जागा कुठली? मैदान!

तीनशे माणसं मैदानात घुसली. होस्टेलची पोरं भिंतीवरून उड्या टाकून आली. गफूरभाई किटली घेऊन आले. रेफ्री सगळ्यांच्या आधी मधल्या वर्तुळात पोचला होता. नांदेडचा गोलकीपर गोल सोडून पळाला. गोल आख्खा मोकळा! चेंडू गोलपासून सहा पावलांवर, बालाजी चेंडूजवळ. लहान लेकरानं ढकलला असता तरी गेला असता.

बालाजीनं चेंडूकडे बघितलंसुद्धा नाही. तो उलटा फिरला, गॅलरीकडे धावला, आईला दोन्ही हातांवर उचललं आणि मैदानाच्या मधोमध आणलं.

म्हातारी त्याच्या छातीवर बुक्क्या मारून राहिली होती. "आरं सोड मला! मला काय धाड भरलीया? त्यो चेंडू हान की आधी!"

पण बालाजीनं तिला सोडलं नाही. तसाच उभा राहिला, धापा टाकत. त्या क्षणी मला गोलचं काही वाटलं नाही, खरं सांगतो. वाटलं, बरं झालं आपण वेळेवर ओरडलो.

अर्धा तास कोणी मैदान सोडेना. सगळे मांडी घालून बसले. शेवटी रेफ्रीनं जाहीर केलं, उरलेली सहा मिनिटं पुढच्या रविवारी.

नांदेडचे मॅनेजर चिडले. "छे मिनट के वास्ते चार घंटे बस में बैठ के आना क्या?"

"नाही आलात तर हरलात," रेफ्री म्हणाला.

त्यांचा कॅप्टन मात्र लई खूश! त्यानं येऊन माझा हात हातात घेतला. "काका, वाचवलंत! गोल गेलाच व्हता आमच्यावर. कुठले म्हणायचे तुम्ही?"

मी सवयीनं सांगून टाकलं, "मूळचा हदगावचा."

"मंग आपलेच की!" तो मोठ्यानं म्हणाला.

झालं! आजूबाजूच्या माना फिरल्या. संध्याकाळपर्यंत कॉलनीत चर्चा सुरू झाली, हदगावचा माणूस नांदेडला मिळालेला होता. बारा वर्षं आपल्यात बसून राहिला, आणि नेमका टायमाला ओरडला.

बारा वर्षांची भक्ती माझी, आणि मी फितूर! आता भूकंप खराच झाला होता, हे पटवून देणं मला भागच होतं. सोमवारी ऑफिसात मी सांगितलं, "चार सेकंद हाललं." मंगळवारी लोकांचा विश्वास बसेना, तेव्हा ते सात सेकंद झालं, आणि हालण्याआधी जमिनीतून गुरगुर ऐकू आली. बुधवारी एका स्थानिक पेपरचा बातमीदार घरी आला. त्याला मी अकरा सेकंद सांगितले, दिशाही सांगितली. गुरुवारी छापून आलं, "प्रत्यक्षदर्शी श्री. हदगावकर यांच्या म्हणण्यानुसार..."

"अहो, वेधशाळा म्हणतेय की तसली काही नोंदच नाही," सुनंदा म्हणाली.

"त्यांचं यंत्र बंद असेल," मी म्हणालो. माझी खात्रीच होती तशी! फळ्या थरथरलेल्या मी स्वतः बघितल्या होत्या.

पण पेपर जाऊन पोचला धर्माबादला. शुक्रवारी सकाळी तिथून एक वडील आले आणि पोराची पेटी उचलून चालू लागले. दुपारी देगलूरचे दोघं आले. संध्याकाळी बिराजदार सर आमच्या दारात उभे.

"चला," एवढंच म्हणाले. आणि आश्चर्य म्हणजे आमची ही आधीच पायात चपला घालून तयार होती.

मैदानावर गॅलरी तशीच होती. टेबल तिथंच. गफूरभाईंनी ट्रेमध्ये ग्लास रचले. सरांनी मला माझ्या जागेवर बसवलं आणि हातात घड्याळ घेऊन समोर उभे राहिले. एक मिनिट गेलं, दोन गेली. ग्लास जागच्या जागी.

"बघा!" मी म्हणालो. "नुसतं बसून काही होत नाही. म्हणजे त्या दिवशी भूकंपच होता."

"बरोबर," सर शांतपणे म्हणाले. "आता मला एवढंच सांगा, परवा सहा मिनिटांत काय होईल?"

"सर, परवा आपण जिंकणार! बाँडवर लिहून देतो. रफीकनं चेंडू उजवीकडं टाकायचा, नांदेडचा डावा पोरगा कच्चा आहे. तिथून बालाजी घुसला ना, की मग त्यांचा कोणी बाप आला तरी..."

खण्ण! खण खण खण!

मी ओरडायला तोंड उघडलं आणि बघतो तर तिघांपैकी कुणीच पळत नव्हतं. तिघंही माझ्या उजव्या पायाकडे बघत होते. पाय अजून चालूच होता.

"बारा वर्षं सांगून राहिले मी," सुनंदा म्हणाली.

"याला अनुनाद म्हणतात," सर म्हणाले. "पायाची लय आणि फळीची लय जुळली की थरथर वाढत जाते. परीक्षेला हमखास येतो."

गफूरभाईंनी खाली वाकून एकेक ग्लास उचलला. "साब, आपका पाँव है के मशीन?"

दुसऱ्या दिवशी क्लासच्या फलकावर सरांनी स्वतःच्या अक्षरात सूचना लावली. ती मला आजही पाठ आहे. "गेल्या रविवारचा भूकंप अतिशय स्थानिक स्वरूपाचा होता. केंद्रबिंदू: श्री. हदगावकर. पालकांनी घाबरू नये." धर्माबादचे वडील पेटी घेऊन परत आले. येता येता आमच्या ऑफिसात डोकावून मला बघूनही गेले.

मला लोकांच्या हसण्याचं काही वाटलं नाही, सवय होती. पण बालाजीचं तोंड डोळ्यांसमोरून जाईना. शनिवारी मी त्याच्या दुकानावर गेलो. तो ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे बघत होता.

"बालाजी, चुकलो रे मी. तुझा हक्काचा गोल घालवला."

"तुमचं काय चुकलं, काका?" तो म्हणाला. "मला बी हाललंच वाटलं. आन् आई तिथं बसल्याली. माझ्यानं दुसरं काय झालं असतं?" मग थोडा घुटमळला. "पर काका, येक इचारू का? राग न्हाई ना येणार?"

"विचार की."

"उद्या तेवढं भाईर बसता का?"

बारा वर्षांत एक सामना न चुकवलेला माणूस मी. पण हो म्हणालो. म्हणायलाच पाहिजे होतं. नंतर कळलं की नांदेडच्या मॅनेजरनंही तीच अट घातली होती, "वो साब ग्राउंड में नै दिखना."

रविवारी मी भिंतीपलीकडे बसलो. कुठं? होस्टेलच्या पोरांच्या सायकली लावल्या होत्या तिथं. हरलो तर सायकल स्टँड होणार होतं ना, मला ते आधीच मिळालं! शंभर-दीडशे सायकली एकमेकींना टेकून उभ्या. मी टोकाच्या एका कॅरिअरवर बूड टेकलं आणि भिंतीला कान लावला.

शिट्टी वाजली. पहिलं मिनिट, नुसता गलका. दुसरं, कोणीतरी "अर्रर्र" केलं. कुणाचं अर्रर्र? आपलं की त्यांचं? काही कळायला मार्ग नाही! तिसरं, चौथं. मी कान भिंतीला आणखी दाबला. पाचव्या मिनिटाला सगळं ग्राउंड एकदम चिडीचूप झालं. आणि त्या शांततेत एका म्हातारीचा आवाज आला, "हाऽऽन!"

आणि मग जो आरडाओरडा झाला! मी कॅरिअरवरून हातभर उडालो. खाली आलो तो सायकलवर. ती सायकल दुसरीवर पडली, दुसरी तिसरीवर, आणि धडाड धडाड धडाड करत रांगच्या रांग वळणापर्यंत कोसळत गेली.

तेवढ्यात भिंतीपलीकडून बिराजदार सरांचा खणखणीत आवाज आला, "बसून राहा! कोणी पळू नका! हदगावकर आहेत!"

आणि काय सांगू, एक माणूस जागचा हलला नाही.

मिनिटाभरानं शेवटची शिट्टी वाजली. भिंतीवरून गफूरभाईंचं डोकं वर आलं. "हो गया साब! एक-शून्य! बालाजी ने मारा!"

"कसा मारला? कुठल्या पायानं? डावीकडून ना?"

"अब आप को क्या बताऊँ साब, वो तो देखनेकीच चीज थी!" म्हणाले आणि नाचायला निघून गेले.

आत हलगी वाजत होती. बालाजीला खांद्यावर घेतलं होतं म्हणे, आणि बालाजीनं आईला. आणि मी? मी दीडशे सायकली उचलत होतो, एकेक करून. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि हसूही येत होतं. चेनचं काळं ग्रीस गालाला लागलं, ते चार दिवस निघालं नाही.

पुढच्या आठवड्यात औसा रोडला सरांचा भला मोठा फलक लागला. गुणवंतांचे लावतात ना, तस्साच! अकरा खेळाडूंचे गोल गोल फोटो. मधोमध बालाजी, सगळ्यांत मोठा, शेजारी त्याची आई, खाली लिहिलेलं "आदर्श पालक". मी आणि सुनंदा मुद्दाम बघायला गेलो. मी वरून खाली सगळी नावं वाचली. रेफ्रीचं होतं, गफूरभाईंचं होतं. मला जरा वाईट वाटायला लागलं. तेवढ्यात हिनं अगदी तळाशी बोट दाखवलं.

"विशेष आभार: श्री. हदगावकर (अनुपस्थितीबद्दल)."

मैदान वाचलं. सायकल स्टँड दुसरीकडं झालं. पुढच्या सीझनला ऑफिसात पुन्हा तोच प्रश्न, "काय हदगावकर, यंदा?"

"यंदा नक्की!" मी छाती ठोकून म्हणालो. "बाँडवर लिहून देतो."

"एवढी खात्री कशावरून?" साहेबांनी विचारलं.

म्हटलं, "साहेब, मी बाहेर बसणार आहे!"